देवाच्या फेऱ्या धरल्या नाहीत

सोमवार, १६ फेब्रुवारी

काल महाशिवरात्र. सगळ्यांना उपास होता, त्यामुळे सभेत माणसं लवकर तापली.

गाव विमानतळात गेलं त्याला आता वर्षं झाली. माणसांना प्लॉट मिळाले. वरच्या आळीला मोठ्या रस्त्याच्या अलीकडे, खालच्या आळीला पलीकडे. देव मात्र तेव्हापासून एका पत्र्याच्या शेडमध्ये होते, आणि आता ती शेडही नव्या गटाराच्या वाटेत आली. देऊळ कुठे बांधायचं यावरून ऊन कलेपर्यंत भांडण झालं. वरच्या आळीचे काशिराम बाबा म्हणाले, "देव पयल्यापासून आमच्या आळीत व्हते." खालच्या आळीची गंगाबाई मासळीची पाटी डोक्यावरून उतरवावी तशी पुढे आली आणि म्हणाली, "तुमच्या आळीत व्हते म्हनून तर गाव गेला."

देव उचलायचा मान आमच्या घराचा. माझे बाबा गेल्यापासून तो माझ्याकडे आहे. एकदा उचललेला देव पुन्हा जागेवर बसेपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही, अशी रीत. गटारवाला जेसीबी घेऊन उभा होता, म्हणून मी उचलले. सात आहेत. गावदेवी, चेडा, वीर, आणि चार ज्यांची नावं सांगणारी माणसं आता राहिली नाहीत. उचलल्यावर ठेवायचे कुठे, हा प्रश्न आला. कोणाच्याही घरी ठेवले असते तरी दुसरी आळी उठली असती. मी प्लॉट विकून पनवेलला फ्लॅट घेतला, त्याबद्दल एरवी दोन्ही आळ्या मला टोमणे मारतात. काल त्याचाच उपयोग झाला. ठरलं की दोन दिवस देव बळीरामच्या, म्हणजे माझ्या, गाडीत राहतील.

माझ्या बायकोने, वेणूने, विचारलं, "गाडीची चाकं काय जमिनीला टेकत नाय?"

काशिराम बाबा म्हणाले, "चाकात हवा असते ना, पोरी? म्हंजे मधी वारा. वाऱ्यावर देवाला चालतं."

मला ते पटलं. डिकीत गोधडी घातली, वर कोरं लाल कापड, त्यावर देव मांडले. सातवा ठेवताना कंबर धरली. उपासाने असेल.

बुधवार, १८ फेब्रुवारी

दोन दिवस झाले. दोन्ही आळ्यांकडून काही निरोप नाही.

गाडीत देव असले की चालवणं वेगळं होतं. मी दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. उलव्याच्या वाटेवर सगळीकडे बांधकाम आणि खड्डे, देवांना धक्का बसायला नको. रुचिरा मॅडम आणि प्रांजल मॅडम मागे बसतात. दोघी उलव्याच्या शाळेत शिकवतात, त्यांना पनवेलहून नेणं-आणणं हे माझं दसऱ्यापासूनचं काम. रुचिरा मॅडम म्हणाल्या, "काका, आज गाडीला बरं नाहीये का?" म्हटलं, गाडीला बरं आहे. त्यांच्या पर्स आणि वह्यांच्या पिशव्या डिकीत ठेवायच्या असतात, त्या आजपासून मांडीवर घ्यायला सांगितल्या. कारण सांगितलं नाही. देव मिरवायचे नसतात.

दुपारी शाळा सुटेपर्यंत मी तिथेच थांबतो. ऊन आत्तापासूनच कडक आहे. शेंदूर मऊ पडायला लागला तेव्हा इंजिन सुरू करून एसी लावला. मागची फळी काढून टाकली, म्हणजे गार वारा थेट डिकीत जातो. मग मी बाहेर उतरून, अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगच्या सावलीत डबा खाल्ला. देवांसमोर खाणं बरं दिसलं नाही.

शनिवार, २१ फेब्रुवारी

काशिराम बाबांचा फोन आला की आमच्या आळीच्या बायकांना देवाचं दर्शन नाही. सकाळी मॅडमना घ्यायच्या आधी तिकडे गाडी घेऊन जातो. हे गंगाबाईला कळलं. आता संध्याकाळी खालच्या आळीतही जातो. दोन्हीकडे डिकी उघडून उभा राहतो, बायका हळद-कुंकू वाहतात, नारळ ठेवतात. नारळ डिकीतच राहतात. देवासमोरचे नारळ काढायचे कुठल्या आळीसमोर, हाही प्रश्नच आहे.

मन मात्र शांत आहे. इतकी वर्षं कळंबोलीच्या गोदामावर रात्रपाळीचा वॉचमन होतो, तेव्हा देवाजवळ दोन मिनिटं बसायला सवड मिळायची नाही. आता दिवसभर माझ्या पाठीशी आहेत.

शनिवार, २८ फेब्रुवारी

आज धक्का बसला.

टाकी फुल केली आणि हिशेब मांडला. गाडी घेतली तेव्हापासून ॲव्हरेज अठराचं होतं. आज नऊ निघालं. पुन्हा मांडलं, पुन्हा नऊ. मांडण्यात चूक नाही. उलव्याच्या फेऱ्यांचे सगळे किलोमीटर धरले. देवाच्या फेऱ्या अर्थातच धरल्या नाहीत. देवाला वाहिलेलं मोजू नये, असं माझे बाबा सांगायचे. तांदूळ वाहताना ते स्वतःच्या मुठीकडेही बघायचे नाहीत.

मॅडमकडून महिन्याचे ठरलेले पैसे मिळतात, पेट्रोल माझं. नऊच्या ॲव्हरेजवर हे काम चालणार नाही. असं चालू राहिलं तर गाडी विकून पुन्हा वॉचमनची काठी हातात घ्यावी लागेल. रात्रपाळी सुटली तेव्हा मी वेणूला म्हणालो होतो, आता मेलो तरी पुन्हा गोदामावर जाणार नाही. असं काही बोलू नये माणसाने.

वेणूला नऊ सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मागं बघा जरा."

आरशात बघतोच मी नेहमी. मागे कोणी नसतं.

सोमवार, २ मार्च

पनवेल एस.टी. स्टँडच्या मागच्या बाजूला मिथुनचं गॅरेज आहे. उरणकडचा कोळी, तिशीतला, सगळं माहीत असल्यासारखा बोलतो आणि बरंच माहीतही असतं. गाडी दाखवली.

"एअर फिल्टर," तो बोनेट उघडायच्या आधीच म्हणाला. "उलव्याची धूळ. काका, तुमची गाडी सिमेंट खाते."

फिल्टर काढून दाखवला. खरंच काळा होता. म्हणाला, बघतो मी त्याचं. मग प्लग तपासले, इंजिनाकडे कान लावून उभा राहिला. मग विचारलं, "गाडीत अलीकडे काय बदल केलात? काही नवीन बसवलं?"

म्हटलं, मी काही बसवलेलं नाही.

हे खरं आहे. मी बसवलेलं नाही. गावाने बसवले.

मंगळवार, ३ मार्च

होळीला आधी वरच्या आळीत गाडी लावली, मग खालच्या. होळीची धग देवांना लागू नये म्हणून दोन्हीकडे इंजिन चालू ठेवून एसी फुल केला. गंगाबाई काचेतून आत बघून म्हणाली, "देवांना आता असाच गार पायजे. देवलात पंखा पन नसंल तर राहतील का?" तिने देऊळ त्यांच्या आळीत धरूनच बोलायला सुरुवात केली आहे.

गुरुवार, ५ मार्च

फिल्टर बदलून काही फरक नाही. साडेनऊ म्हणजे फरक म्हणता येणार नाही.

मिथुनने लॅपटॉप आणला. स्टिअरिंगखाली वायर लावून, डॉक्टर रिपोर्ट बघतो तसा स्क्रीनकडे बघत बसला. शेवटी म्हणाला, "सगळं नॉर्मल."

"मग पेट्रोल जातं कुठे?"

"चोरी," तो म्हणाला. "बिल्डिंगखाली उभी असते ना? नळी टाकून काढतात. टाकीला कुलूप लावा."

कुलूप लावलं. आता तळमजल्यावरच्या शेजाऱ्याकडे माझं लक्ष जातं. बिचारा सकाळी झाडांना पाणी घालतो, त्याच्या हातात नळी असते. मनात असा विचार आला याची मलाच लाज वाटली. देवापुढे उदबत्ती लावताना माफी मागितली. डिकीजवळ उदबत्ती लावू नका म्हणून वेणू ओरडली, मागे पेट्रोलची टाकी आहे म्हणे. उदबत्ती खिडकीत लावली.

शनिवार, ७ मार्च

कुलूप आहे तसं आहे. ॲव्हरेज नऊ.

मिथुन म्हणाला, "मागनं बसलीय गाडी. स्प्रिंगा गेल्या." आणि लगेच विचारलं, "वजन काय टाकता मागं?"

"वजन काही नाही."

"डिकीत?"

"डिकीत वजन टाकत नाही मी."

त्याने डिकी उघडायला हात घातला. हाताला ग्रीस होतं. मी म्हटलं, राहू दे, डिकीचं लॉक अडकतं. खोटं बोललो. पण ग्रीसचे हात. नव्या स्प्रिंगा टाकल्या, गाडी आता ताठ उभी राहते. मिथुन समाधानाने म्हणाला, "आता बघा कशी पळते."

दुसऱ्या गिअरवर घरी आलो.

सोमवार, ९ मार्च

मॅडम आज शाली घेऊन आल्या. प्रांजल मॅडमना सर्दी झाली आहे. म्हणाल्या, "काका, मागून नुसता बर्फ येतो. एसी कमी करा ना." मी थोडा कमी केला. आरशात बघितलं तर त्या रुचिरा मॅडमना हळूच सांगत होत्या, काका आपल्यासाठी एवढं करतात आणि आपणच बोलतो. ते ऐकून मला बरं वाटलं नाही.

उतरताना रुचिरा मॅडम म्हणाल्या की एप्रिलपासून शाळेची बस सुरू होणार आहे, त्यांच्या बऱ्याच सहकाऱ्यांनी नाव दिलंय. त्यांनी अजून दिलेलं नाही. बस वेळेवर पोचते म्हणतात. मी दुसऱ्या गिअरवर असलो तर आम्हाला उशीर होतो, हे त्या बोलल्या नाहीत. मला समजलं.

घरी आल्यावर कळंबोलीच्या एजन्सीवाल्याचा फोन. रात्रपाळीची एक जागा रिकामी आहे, एक तारखेपासून. विचार करून सांगतो म्हणालो.

बुधवार, ११ मार्च

वेणूने निकाल लावला. पाडव्यापर्यंत गाडी सुधारली तर ठीक, नाहीतर तिचा भाऊ दादू गाडी घेऊन तिच्या माहेरी, आपट्याला जाईल. दादूला वाहन घ्यायचंच आहे आणि पाडव्याचा मुहूर्त चांगला. फोनवर तो म्हणाला, "भावजी, तुमी काळजी करू नका, गाडी घरातच राहील." त्याचा आवाज फारच आनंदी होता.

मी वेणूला म्हटलं, देव अजून गाडीत आहेत.

"मग देव पन जातील आपट्याला," ती म्हणाली. "पाताळगंगेच्या काठाला. जागा चांगली हाय."

तिने ते गमतीत म्हटलं की काय, मला कळलं नाही. संध्याकाळी ती बाजारात मासे आणायला गेली आणि नेहमीपेक्षा उशिरा आली. गंगाबाईकडूनच बोंबील घेतले म्हणाली. गप्पा झाल्या थोड्या.

गुरुवार, १२ मार्च

सकाळपासून फोन थांबत नाही. गंगाबाईच्या आळीतून, काशिराम बाबांच्या आळीतून. देव आपट्याला जाणार ही गोष्ट पसरली आहे. मी कोणाला बोललो नाही, मग कशी पसरली? गावात अशा गोष्टी वाऱ्यावर जातात.

काशिराम बाबा म्हणाले, "बळीराम, आमचे देव दुसऱ्या गावाला? आमी मेलो काय?"

म्हटलं, बाबा, गाडी पेट्रोल खूप खाते, मला परवडत नाही.

"मग गाडी दुरुस्त कर."

तेच करतोय म्हटलं.

शुक्रवार, १३ मार्च

आजची गोष्ट नीट लिहून ठेवतो.

मिथुन म्हणाला, चालवून बघतो. मी बाजूला बसलो. गॅरेजच्या कोपऱ्यावर स्पीडब्रेकर आहे. त्यावरून तो जोरात गेला आणि मागे धप्प असा आवाज झाला. सात वेळा.

त्याने गाडी बाजूला घेतली. "काका, मागं काय वाजलं?"

"देव," मी म्हणालो.

त्याने इंजिन बंद केलं. मग खाली उतरून हात फडक्याने पुसले, बाटलीच्या पाण्याने धुतले, चपला काढल्या. मी डिकी उघडली. त्याने हात जोडले, खाली वाकून एकेकाकडे बघितलं. सात शेंदराचे गोळे, आजूबाजूला नारळांचा ढीग. चेड्याच्या डोक्यावरचा शेंदूर एसीमुळे अगदी गुळगुळीत राहिला आहे, हे माझ्या लक्षात आलं आणि बरं वाटलं.

"कवापासून हायत?"

"शिवरात्रीपासून."

तो डोक्याला हात लावून फुटपाथवर बसला. म्हणाला, "काका, आमच्या होडीत पाणी भरलं ना, तरी ती डिझेल जास्त खाते. तुमी सात देव घेऊन फिरताय."

मी शांतपणे सांगितलं, "देवाला वजन नसतं, मिथुन."

"बरोबर," तो म्हणाला. "देवाला नसतं. दगडाला असतं ना?"

काही प्रश्नांची उत्तरं गॅरेजसमोर देता येत नाहीत.

तो म्हणाला, एक चाचणी घेऊ. टाकी गळ्यापर्यंत भरायची, डिकी रिकामी करून गाडी चालवायची, परत येऊन पुन्हा भरायची. किती भरलं ते बघायचं. एसी बंद. आणि जेवढी चालली तेवढे सगळे किलोमीटर धरायचे, हे त्याने का म्हटलं कोण जाणे. मी तर नेहमी सगळेच धरतो.

पण डिकी रिकामी करायची म्हणजे देव कुठे ठेवायचे? जमिनीला टेकवायचे नाहीत.

घरी येऊन वेणूला सांगितलं. तिने जराही विचार केला नाही. "मांडीवर," ती म्हणाली. "पालखीत देव मानसांच्या खांद्यावरच असतात ना? खुर्च्या मांडा, मांडीवर घ्या. दोन्ही आळ्यांनी."

रविवार, १५ मार्च

दोन्ही आळ्यांच्या मधल्या मोठ्या रस्त्यावर पूल आहे. पुलाखाली सावली असते आणि जागा कोणाच्याच आळीत मोडत नाही, म्हणून तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. गावातली बरीच माणसं जमली होती. मिथुन हातात पेट्रोल भरल्याची पावती घेऊन उभा होता, लग्नात जावयाचा भाऊ उभा राहतो तसा.

सात देव, तर सात माणसं. वरच्या आळीची तीन, खालच्या आळीची तीन, इथपर्यंत जमलं. सातव्यावरून पुन्हा भांडण लागलं. वेणू म्हणाली, मी घेते, मी कुठल्या आळीची नाय. काशिराम बाबा म्हणाले, बायांनी देव घ्यायचा नाय. त्यावर गंगाबाईने पदर खोचला. "देवी काय पुरुष हाय काय?" मग खालच्या आळीच्या तिघांतली एक खुर्ची गंगाबाईनेही घेतली, बाबांच्या शेजारची, आणि कोणी हटकलं नाही.

मी एकेक देव उचलला. गावदेवी वेणूच्या मांडीवर. चेडा काशिराम बाबांच्या मांडीवर, ते म्हणाले तो त्यांच्याकडेच आला पाहिजे. वीर गंगाबाईकडे. उरलेले चार चौघांनी घेतले, जरा नाराजीनेच, कारण त्यांना नावं नाहीत. चेडा ठेवताना बाबांच्या तोंडून "अगं आई" असं निघालं. देवीची आठवण झाली असावी.

"लवकर ये रं," बाबा म्हणाले.

निघताना वेणू म्हणाली, "आपट्याला माझ्या आईकडं पापड नेऊन द्या. गाडीत पुढच्या सीटवर ठेवलेत. आन् जेवायला थांबा म्हनाली तर थांबा, नाय म्हनू नका. वाईट वाटतं तिला."

मी म्हटलं, चाचणीला लांबचा रस्ताच बरा.

मिथुन माझ्या बाजूला बसला. इतक्या दिवसांनी गाडी चौथ्या, मग पाचव्या गिअरला गेली. मी विसरलोच होतो की हिला पाचवा गिअर आहे. रस्ता मोकळा होता. गाडीला जणू कोणी मागून सोडून दिलं होतं. मला आनंद झाला आणि त्या आनंदाचं वाईटही वाटलं. पाठीशी कोणी नव्हतं. आरशात नुसतं लाल कापड दिसत होतं.

आपट्याला सासूबाईंनी थांबवलं. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण. मिथुनने दोनदा घेतलं. दादू गाडीभोवती फिरला, टायर दाबून बघितला, आत बसून स्टिअरिंगला हात लावला. नदीवर जाऊन हातपाय धुतले. परत येताना फाटकाशी मालगाडी उभी होती, तिथे बराच वेळ गेला. मी इंजिन बंद केलं. मिथुन म्हणाला, "आज बंद केलंत." म्हटलं, गरज काय चालू ठेवायची?

पुलाखाली पोचलो तर कोणी बोलत नव्हतं. सातही माणसं खुर्च्यांवर ताठ बसली होती, डोळे समोर लावून. सगळ्यांच्या मांड्या शेंदराने लाल. काशिराम बाबांच्या कपाळावर घाम होता. ते ध्यानात गेले आहेत असं मला वाटलं. गंगाबाईचे पाय थरथरत होते, तिच्या अंगात आलं असावं. फक्त वेणू शांत बसली होती. ती मला बघून हसली.

"आलास?" बाबा बारीक आवाजात म्हणाले. "देऊल इथंच बांधायचा."

मी विचारलं, कुठे?

"इथं. पुलाखाली. हालायचं नाय."

"आमची हरकत नाय," गंगाबाई म्हणाली. "एकदम नाय. उचल आता, बाला."

मी म्हटलं, परवानगी लागेल, ही सरकारी जागा आहे.

"बघू नंतर," बाबा म्हणाले. गेली कित्येक वर्षं ते प्रत्येक सभेत कागद दाखव, कागद दाखव म्हणत आलेत. आज म्हणाले, "देवाला कागद लागत नाय. विटा आना रं कोनीतरी."

मी निघाल्यापासूनच त्यांनी बोलणी सुरू केली होती, असं नंतर वेणूकडून कळलं. आधी बाबा म्हणाले, वरच्या आळीत नेऊ. मग म्हणाले, वरच्या आळीच्या कडेला नेऊ. मग म्हणाले, गंगे, तुझी हरकत नसंल तर पुलापर्यंत येऊ. गंगाबाई म्हणाली, आपन पुलाखालीच हाव. बाबा म्हणाले, बरा झाला. मधल्या वेळात ज्या चार देवांना नावं नव्हती त्यांतल्या दोघांना मिळाली. एकाच्या मांडीवरचा त्याच्या पणजोबाने समुद्रातून आणलेला निघाला, दुसरीच्या मांडीवरचा तिच्या माहेरचा निघाला. मांडीवर घेऊन बसल्यावर ओळख पटते, एवढं खरं.

पोरांनी विटा आणल्या, चौथरा केला, तांदूळ पसरले. मी देव बसवले. चेडा उचलताना बाबांनी माझा हात घट्ट धरला होता, आशीर्वादासाठी. नंतर ते उठले नाहीत. उठवावे लागले, दोघांनी धरून. पुलाखाली सगळ्यांनी नारळ फोडले. डिकीतले सगळे नारळ संपले, दोन्ही आळ्यांचे एकत्र, कुठला कोणाचा ते कोणी विचारलं नाही.

गर्दीत मिथुन पुन्हा टाकी भरायला गेला होता. परत येऊन म्हणाला, "एकोणीस, काका."

मी हात जोडले.

गुरुवार, १९ मार्च, पाडवा

दादू सकाळीच आला, हार आणि पेढे घेऊन, गाडीसाठी. वेणूने त्याला पुरणपोळी वाढली आणि सांगितलं, गाडी आता सुधारली. दादू म्हणाला, "ताई, सुधारली म्हनूनच तर घेतो ना." ती म्हणाली, "पेढे चांगले हायत, कुठनं आनलेस?" जेवण होईपर्यंत हा विषय पुन्हा निघाला नाही. हार त्याने शेवटी आमच्या गुढीला घातला. मी त्याला आपट्याला सोडायला निघालो होतो, पण तो म्हणाला एस.टी.ने जातो. पाचव्या गिअरवर जायचं माझ्या मनात होतं.

शनिवार, २८ मार्च

देव बसल्यानंतर पहिल्यांदा टाकीचा पूर्ण हिशेब केला. अठराला थोडं वर. रुचिरा मॅडमनी बसला नाव दिलं नाही. त्यांच्या पिशव्या आता डिकीत असतात. एकीच्या वहीला शेंदूर लागला, तर त्यांनी बोटाने तो कपाळाला लावला.

सकाळी मिथुनला नारळ द्यायला गेलो. म्हटलं, शेवटी तुझ्या फिल्टरनेच काम केलं.

तो नारळ हातात घेऊन उभा राहिला. "काका, फिल्टर मी बदललाच नव्हता. तुमचाच झाडून परत बसवला. बिलात पन लावला नाय."

"मग तोच चांगला होता," मी म्हणालो. "झाडल्यावर."

मिथुनने मान हलवली आणि नारळ देवाच्या फोटोपुढे ठेवला.

दुपारी एजन्सीवाल्याला फोन करून सांगितलं, दुसरा वॉचमन बघा. मी येत नाही. हे बोलताना छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. त्याने विचारलं, गाडी सुधारली का? म्हटलं, सुधारली. तो म्हणाला, माझ्याही गाडीचं ॲव्हरेज पडलंय, गॅरेजचा पत्ता द्या. दिला. फोन ठेवता ठेवता, का कोण जाणे, म्हणालो, "जायच्या आधी एकदा डिकी रिकामी करून बघा."

"डिकीत काही नाहीये हो," तो म्हणाला.

म्हटलं, मीही तेच सांगत होतो.